दहा फुटी शांतता

२ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०

नवी वही. दोनशे पानी. समास आखून घेतला, डावीकडे बरोबर तीन सेंटिमीटर. या वहीत एकच विषय राहील: आवाज. घरगुती कुरबुरी, गुडघा आणि मेहुणा यांना इथे जागा नाही.

पार्श्वभूमी एकदाच लिहून टाकतो. पुढच्या खोलीत माझं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान. मागे अंगण. अंगणाला चार फुटी कुंपण आणि पलीकडे सुताराचा कारखाना. त्यात रंधा मशीन. ते फळी तासायला लागलं की आपल्याच दाढा कोणीतरी गुळगुळीत करतंय असं वाटतं.

चिमणी (मुलगी, वय २६, नाव मोठं आहे, हाक हीच) मागच्या खोलीत पुस्तकं वाचते. म्हणजे माइकसमोर, मोठ्याने, ऐकणाऱ्यांसाठी. आता एका मोठ्या कंपनीचं काम मिळालंय. बारा प्रकरणं, ३१ तारखेपर्यंत. तिकडून एक बाई फोनवर ऐकत असतात आणि कधी वाचायचं ते त्याच रोज सकाळी कळवतात. रेकॉर्डिंग स्वच्छ निघालं तर चिमणी कायम घरून काम करणार. मागे खरखर आली तर कंपनीच्या शहरात जाऊन राहायचं. तिथे स्टुडिओ आहे.

जायचं तर जाऊ दे. मुलं जातातच. माझा मुद्दा वेगळा आहे. जी गोष्ट मोजता येते तिच्यापुढे हार मानायची का?

संकल्प: एक, रोज तीनदा मोजणे. दोन, चिडायचं नाही. तीन, सुताराशी बोलायला जायचं नाही. बोलून सुटलेला प्रश्न शास्त्रीय नसतो.

३ मार्च, मंगळवार

फोनवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलं. कुठलंही माप आधी ताडून घ्यावं लागतं, हे काट्याच्या धंद्यात मी स्वतः शिकलो, कोणी शिकवलं नाही. मिक्सर रिकामा फिरवून तीनदा ताडलं. तिन्ही वेळा ८८. ही आतून ओरडली, अहो, रिकामा कशाला फिरवताय, पाती जातील. पाती गेली नाहीत. (एक किंचित.)

मागच्या खोलीतली नोंद: मशीन चालू, ८१. खिडकी लावून, ७८. मशीन बंद, ४६. हे ४६ म्हणजे पंखा, पक्षी आणि ही.

५ मार्च, गुरुवार

आजचा दिवस लक्षात राहील.

आवाजाचा मूळ सिद्धांत मला एका जुन्या माहितीपुस्तिकेत सापडला: नजर अडली की आवाज अडतो. माळ्यावर निळी प्लास्टिकची ताडपत्री होती. कुंपणाला आतून ताणून बांधली. कुंपणाच्याच उंचीची, चार फूट. अकरा वाजता शेवटची गाठ.

११.१२ ला आकडा ८१ वरून ४६!

पुन्हा मोजला. ४६. मशीन बंद असताना येतो तोच आकडा. याचा अर्थ ताडपत्रीने मशीनचा आवाज अख्खाच्या अख्खा गिळला. चिमणी तेव्हा आत वाचत होती. १२.२० पर्यंत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता.

हिला बोलावून दाखवलं. ही म्हणाली, सुताराने मशीन बंद केलं असेल. मी म्हणालो, ताडपत्री बांधल्यावर बरोबर बारा मिनिटांनी? योगायोगालाही काही मर्यादा असते.

१२.२५ ला पुन्हा ८१. कारण शोधतो आहे.

७ मार्च, शनिवार

कारण सापडलं. ऊन. तापलेलं प्लास्टिक मऊ पडतं आणि आवाज शोषतं.

अडचण एकच. काल शांतता होती ३.०० ते ४.१०, आज १०.३० ते ११.४५. म्हणजे उन्हाबरोबर वाराही धरावा लागेल. तक्ता केला आहे, सात रकाने.

घरगुती विषय लिहायचे नाहीत असं ठरलं होतं, पण एक लिहितोच. आमच्या कौलारू घराला गच्ची नाही, म्हणून कपड्यांची दोरी अंगणात आहे, हात उंच केला की पोचेल अशी. चिमणी रोज त्या दोरीवर तोच एक लाल टॉवेल घालते. आज हात लावून पाहिला. ठणठणीत कोरडा. वाळलेला टॉवेल वाळत घालणारी ही पहिलीच पिढी. बरं, घालते मागच्या खोलीत वाचायला जाताना आणि काढते बाहेर आल्यावर, म्हणजे धड दीड तास ऊनही नाही. हिला सांगितलं, मुलीला वळण लाव. ही म्हणाली, वळण लावायचंय खरं कुणालातरी.

९ मार्च, सोमवार

मेहुणा आला होता. इंजिनिअर आहे. कागदावर.

तक्ता दाखवला. त्याने एकच रकाना वाचला आणि म्हणाला, भाऊजी, ताडपत्री आवाज अडवत नाही, अडवायला वजन लागतं. मी आकडे पुढे केले. त्याने ते दोनदा वाचले. मग म्हणाला, त्या सुताराला एकदा विचारा ना, नक्की काय होतंय ते. शिक्षण घेतलेल्या माणसांना विचारायची फार सवय असते.

तरी एक गोष्ट त्याच्या तोंडून उपयोगाची निघाली. मोठ्या रस्त्यांच्या कडेला आवाज अडवणाऱ्या प्लास्टिकच्या भिंती असतात, तशी भिंत घरालाही बसवून मिळते. म्हणाला, लावायचीच असेल तर पारदर्शक लावा, अंगणात उजेड राहील. मी त्याला सिद्धांत समजावला. पलीकडचं दिसलं की आवाज आलाच. तो हसला. हीसुद्धा हसली. भावाबहिणीचं हसू सारखंच आहे, नाकातून.

११ मार्च, बुधवार

भिंत सांगितली.

तपशील: जुन्या प्लास्टिकपासून केलेल्या पोकळ फळ्या, आत दाबलेल्या लोकरीसारखा थर. एक फळी दहा फूट लांब, अर्धा मीटर रुंद. खांबांच्या खोबणीत वरून सरकवायच्या, एकीवर एक, सहा. एकूण उंची दहा फुटांना जरा कमी. लांबी तीस फूट, अंगणाइतकी. रंग हिरवा, अपारदर्शक. वर गोल टोपी. टोपी गोल असली की आवाज काठावरून वळून आत येत नाही, असं माहितीपत्रकात म्हटलंय. टोपी जास्तीची मागवली.

माहितीपत्रकात असंही आहे की दहा ते बारा डेसिबल कमी होतील. कंपनी विनयशील दिसते. माझ्या साध्या ताडपत्रीने पस्तीस केले.

किमतीबद्दल इथे लिहीत नाही. झाडताना ही वही कधीकधी उघडते.

जेवताना चिमणी म्हणाली, बाबा, भिंत किती उंच होणार? मी सांगितलं. तिने घास खाली ठेवला. म्हणाली, मग टॉवेल कसा... मी म्हणालो, टॉवेलचं आईशी बोल, माझ्या डोक्यात सध्या खांब आहेत. ती म्हणाली, बाबा, ऐका तरी. मी म्हणालो, भिंत झाली की तुझ्या टॉवेलला धूळसुद्धा लागणार नाही.

या घरात मला कोणी वाक्य पूर्ण करू देत नाही.

१४ मार्च, शनिवार

फळ्या आल्या. खांबाचे चार खड्डे खणले. तिसरा खांब पाणसळीत अर्ध्या बुडबुड्याने चुकत होता. काढला, पुन्हा खणला. दुकान दुपारनंतर बंद ठेवलं. पाटी लावली: शास्त्रीय कामानिमित्त.

सुतार पलीकडच्या फळ्यांच्या चळतीवर चढून कुंपणाशी आला. तिशीचा, कानांवर ते मोठे कानबंद, अंगभर भुसा. म्हणाला, काका, हात लावू का? मी नको म्हणालो. त्याला ऐकू गेलं नसावं, हसतच उभा राहिला. मग दोरीकडे बोट दाखवून काहीतरी विचारू लागला. मी खांबाच्या मागे गेलो. संकल्प क्रमांक तीन.

१८ मार्च, बुधवार. संध्याकाळी ५.४०

भिंत पूर्ण. एकाही सांध्यात पोस्टकार्ड जात नाही. करून पाहिलं.

चिमणीची पाच प्रकरणं आतापर्यंत पास झाली आहेत, सगळी ताडपत्रीच्या काळातली. आता ताडपत्री घडी करून माळ्यावर. तिने तिचं काम केलं.

ही म्हणाली, अंगणात ऊन येत नाही, विहिरीत राहायला गेल्यासारखं वाटतंय. शिवाय म्हणाली, घरात आवाज अडवणारी एक भिंत आधीपासून होती, तिला खांब लागले नव्हते. कोणती भिंत ते विचारलं तर भांडी आपटत गेली. (भांडी: ७९.)

सुतार काम संपवून घरी गेल्याने आज मोजता आलं नाही. उद्या.

१९ मार्च, गुरुवार

७३.

तात्पुरतं असावं. प्लास्टिक नवीन आहे.

२० मार्च, शुक्रवार

७३. म्हणजे भिंतीने आठ कमी केले. ताडपत्रीने पस्तीस. दहा फूट उंच भिंत चार फुटी फडक्यापुढे हरते, हे कुठल्याही शास्त्रात बसत नाही.

दोष सापडला. खालच्या फळीखाली सहा मिलिमीटरची फट. पालथा पडून तीस फूट भरून काढली. ७३.

एक चांगली गोष्ट. चिमणी व्यायाम करायला लागली आहे. रेकॉर्डिंगच्या आधी पुढच्या दारातून निघते, अख्ख्या गल्लीला वळसा घालून कुठेशी धावत जाते आणि बारा मिनिटांनी धापा टाकत परत येते. वाचणाऱ्याला दमसास हवाच. आज तर वाचन अर्ध्यावर असताना उठून पळाली. जिद्द माझी घेतली आहे.

२१ मार्च, शनिवार

सकाळी विचार आला, ताडपत्रीचा गुण ताडपत्रीतच असेल. माळ्यावरून काढली आणि भिंतीला आतून बांधली. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, आता भिंतीला स्वेटर पण विणू का?

७३.

राहिलेली एक फळी दुकानातल्या मोठ्या काट्यावर तोलली. माहितीपत्रकात १८.५ किलो, प्रत्यक्षात १८.४. शंभर ग्रॅमची तूट. आता कळलं आवाज कुठून येतोय. कंपनीला पत्र लिहिलं, दोन पानी.

२३ मार्च, सोमवार

कंपनीकडून तीन प्रकरणं परत आली. तिन्हींना एकच शेरा: मागे मशीन चालू आहे. आणि वाचणारी धापा का टाकते आहे?

चिमणी उद्या जाते आहे. राहिलेली प्रकरणं तिकडे स्टुडिओत वाचणार. ते जमलं तर तिथेच राहायचं, त्या बाईंनी खोलीसुद्धा बघून ठेवली आहे म्हणे.

दुपारी दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. मी एका किराणा दुकानाचा काटा उघडून बसलो होतो. म्हणाली, बाबा, तुम्ही माझं एकदा तरी ऐकणार का? मी म्हणालो, ऐकतोय काय, रोज तीनदा मोजतोय. ती म्हणाली, काही नाही, चहा ठेवते.

चहा तिने चांगला केला होता. हे या वहीत का लिहिलं माहीत नाही.

२४ मार्च, मंगळवार

७.४० ची बस. तिची बॅग दुकानातल्या काट्यावर तोलली, १४ किलो २५० ग्रॅम. माइक स्वेटरमध्ये गुंडाळून दिला. बस सुटताना ती खिडकीतून काहीतरी म्हणाली. इंजिनच्या आवाजात कळलं नाही.

घरी आलो तर लाल टॉवेल दोरीवरच. विसरली. घडी करून ठेवला. वाळलेलाच होता.

आज मोजायचं कारण नव्हतं.

मोजलं. ७३.

२५ मार्च, बुधवार. दुपारी १२.१५

सुतार दुकानात आला होता. त्याचा डिंक तोलायचा काटा ४ ग्रॅमने चुकत होता. दुरुस्त करून दिला. आणखी काही विशेष नाही.

त्याच दिवशी, ४.३०

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तेव्हा लिहितो.

काटा हातात घेताना सुतार म्हणाला, काका, ताईंचं काम बंद पडलं का? टॉवेल तर दिसत नाहीच, आता ताईही येत नाहीत. मी म्हणालो, कुठला टॉवेल? तो म्हणाला, लाल. मला वाटलं तो विकायला आलाय की काय.

मग त्याने सांगितलं. मशीनवर असताना कानांवर कानबंद, हाक ऐकू येत नाही. फोन लांब खणात ठेवतो, भुशाने आधी दोन फोन गेले. ताईंची वाचायची वेळ रोज बदलती. म्हणून दोघांनी महिन्याभरापूर्वीच ठरवलं: दोरीवर लाल टॉवेल दिसला की रंधा बंद. तेवढ्यात तो डिंक लावून घेतो, टॉवेल उतरला की पुन्हा मशीन. मशीनपाशी उभं राहिलं की त्याला आमची दोरी समोरच दिसायची. म्हणाला, भिंत झाल्यावर ताई बिचाऱ्या स्वतः पळत यायच्या सांगायला, फाटक तिकडच्या गल्लीत ना. त्या परत पोचून वाचतायत किती वेळ, ते मला कळायचं नाही. अंदाजाने सुरू करायचो. एकदोनदा चुकलं माझं, सॉरी सांगा त्यांना.

निघताना वळून म्हणाला, भिंत मात्र झकास झालीय काका. आता तुमच्या मिक्सरचा आवाज येत नाही.

२६ मार्च, गुरुवार

वही मागून पुढे वाचली. प्रत्येक ४६ च्या वेळी टॉवेल दोरीवर होता. ७ तारखेच्या पानावर मीच लिहिलं आहे, वेळेसकट. ११ तारखेच्या पानावर तिचं वाक्य आहे, अर्धं. उरलेलं माझं.

निरीक्षणं अचूक आहेत. निष्कर्षात किरकोळ चूक.

हिला विचारलं, तुला टॉवेलचं माहीत होतं? म्हणाली, शेजारच्या मांजरालाही माहीत होतं. मग मला का नाही सांगितलं? म्हणाली, पाचदा. तुम्ही दरवेळी माप घेत होता.

कंपनीला शंभर ग्रॅमबद्दल लिहिलेलं पत्र टाकायचं राहिलं होतं, ते फाडलं.

२७ मार्च, शुक्रवार

प्रयोग. अकरा वाजता भिंतीला शिडी लावली आणि लाल टॉवेल दोन्ही हातांनी टोपीच्या वर धरला. मोजून आठ सेकंदांनी रंधा बंद.

पलीकडून सुतार ओरडला, ताई आल्या? मी म्हणालो, नाही, टेस्टिंग. तो म्हणाला, चालू द्या तुमचं. आणि खरंच मशीन बंद ठेवून डिंकाचं काम करत बसला. माणूस कोणासाठीही थांबतो.

उतरून मागच्या खोलीत गेलो. ४१. या वहीतला सगळ्यात कमी आकडा. खोलीत तिची खुर्ची, माइकचा रिकामा दांडा आणि भिंतीला टेकवलेली गादी. हिने काल दुपारपासून माझ्याशी बोलणं कमी केलंय, त्याचेही दोनएक डेसिबल असतील.

दुसऱ्यांदा मोजायला मन होईना. शिडीवर चढलो आणि सुताराला म्हणालो, चालू करा हो, राहू द्या.

संध्याकाळी चिमणीला फोन केला. म्हणालो, मला टॉवेलचं कळलं. ती म्हणाली, कोणी सांगितलं? म्हणालो, सुताराने. म्हणाली, म्हणजे त्याचं ऐकलंत!

मग ती बोलली आणि मी मध्ये तोंड घातलं नाही. एकदाच घातलं, तेही हो म्हणायला. स्टुडिओतल्या भिंतींना इतका कापूस आहे की स्वतःचं पोट ऐकू येतं. परत आलेली तिन्ही प्रकरणं आणि पुढची तीन धरून अकरा पुरी होत आली आहेत. बाराव्यासाठी तिने त्या बाईंना गळ घातली: ३१ तारखेला ते घरून वाचते, स्वच्छ निघालं तर घरूनच काम करू द्या, नाही तर सामान घेऊन येते. बाई कबूल झाल्या. पण बाबा, टॉवेल त्याला दिसायला हवा.

मी म्हणालो, दिसेल.

२८ मार्च, शनिवार

रोज शिडीवर उभं राहणं ही काही यंत्रणा नव्हे. कायमचा उपाय हवा. एक फळी काढून तिथे पारदर्शक फळी. दोरीची उंची मोजली, कागदावर आकृत्या काढल्या.

पारदर्शक फळी कुठे मिळते हे विचारायला मेहुण्याला फोन केला. मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. उद्या घेऊनच येतो म्हणाला. फोनवरसुद्धा नाकातून हसलेलं ऐकू येतं.

२९ मार्च, रविवार

बसवली. वरच्या फळ्या उपसून, खालून चौथ्या जागी. टॉवेलचा मध्य जमिनीपासून १ मीटर ७५, पारदर्शक फळी १ मीटर ५० ते २ मीटर. टॉवेल बरोबर चौकटीत, फोटोसारखा. याहून अचूक होणं शक्य नाही.

मेहुणा म्हणाला, भाऊजी, एकदा पलीकडे जाऊन बघू या? मी म्हणालो, भूमितीला पलीकडे जावं लागत नाही. तो म्हणाला, बरं.

तो इतक्या लवकर कधी बरं म्हणत नाही. पटलं असावं.

३० मार्च, सोमवार

चिमणी आली. बॅग १३ किलो ९००. काहीतरी खाऊन संपवलंय.

अंगणात नेऊन दाखवलं. तिने टॉवेल दोरीवर घातला, मागे सरकून पारदर्शक फळीतून पाहिलं आणि म्हणाली, छान झालंय बाबा. ही म्हणाली, आता त्याला विचारा दिसतंय का. सुतार दिवसभर माल पोचवायला गेला होता, कारखान्याला कुलूप. दिसणारच. आकृती आहे माझ्याकडे.

३१ मार्च, मंगळवार. दुपारी ३.००

घडलं तसं लिहितो. हात दुखतायत, अक्षर वाकडं येईल.

वेळ आली अकराची. १०.५५ ला चिमणीने टॉवेल दोरीवर घातला आणि आत जाऊन दार लावलं. रंधा चालू. १०.५७, चालू. १०.५८ ला मी शिडी ओढली.

वरून वाकून पाहिलं. आजपर्यंत पलीकडे वाकून मी कधी पाहिलंच नव्हतं. २७ तारखेलासुद्धा टॉवेल वर आणि डोकं खाली होतं. पलीकडची जमीन आमच्यापेक्षा अडीच फूट खाली आहे. सुतार मशीनवर वाकलेला. तिथून माझ्या फळीतून त्याला आमची कौलं आणि आभाळ दिसत होतं, टॉवेल सोडून सगळं. चार फुटी कुंपण होतं तेव्हा त्याला फक्त मान वर करायची होती.

ही खालून टॉवेल देत होती. भिंतीवर टाकला. गोल टोपी! घसरून खाली. पुन्हा टाकला. या वेळी पलीकडे पडला, नेमका रंध्याच्या पुढ्यात. सुताराने दचकून मशीन बंद केलं आणि वर पाहिलं. मी तोंडावर बोट ठेवलं. त्याने कानबंद काढले, आमच्या खिडकीकडे पाहिलं, त्याला कळलं. एका लांब फळीच्या टोकाला टॉवेल अडकवून वर दिला. अकरा वाजले. आत चिमणीने वाचायला सुरुवात केली.

आता बोलायची सोय नव्हती. टॉवेल दिसतोय तोवर मशीन बंद, उतरला की चालू, हा त्यांचा करार. मी खाली आणला तर तो सुरू करेल. म्हणून धरून राहिलो. दोन्ही हातांनी, टोपीच्या वर.

एक तास दहा मिनिटं.

मधल्या वेळात ही शिडी धरून खाली उभी होती. एकदाही बोलली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच इतका वेळ. सुतार खाली डिंक लावत होता आणि अधूनमधून वर पाहून मान डोलावत होता. चिमणीचं वाचन स्पष्ट ऐकू येत होतं. ती वाचते तेव्हा कशी वाचते, ते मी कधी ऐकलं नव्हतं. एका जागी एक म्हातारा बाप बोलतो, तिथे तिने माझा आवाज काढला. हुबेहूब. ही खाली खांदे हलवून हसत होती.

११.४० ला भुशाने मला शिंक आली. दाबली, पण सगळी दाबली गेली नाही. तेवढं वाक्य तिने पुन्हा वाचलं.

१२.१० ला चिमणी बाहेर आली आणि शिडीखालून म्हणाली, बाबा, उतरा आता. झालं. बाई म्हणाल्या, आतापर्यंतचं सगळ्यात स्वच्छ. शिंक कोणाची ते विचारत होत्या.

ती राहते आहे. खोली नको म्हणून कळवलं.

हात काही खाली येईनात. सुताराने पलीकडून विचारलं, काका, मशीन सुरू करू का? ही म्हणाली, थांबा, आधी आमचा खांब उतरवू. मग उतरवल्यावर म्हणाली, टोपीत एक खिळा मारून टॉवेल टांगला असता तर? मी म्हणालो, खिळ्याने फळीची हमी जाते. चिमणी हातोडी आणायला गेली.

आजचा आकडा: घेता आला नाही. दोन्ही हात टॉवेलात होते.